मॅडिसन-हॅमिल्टनचं नाव घेणाऱ्या काँग्रेस-सदस्यांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातील आणि सिनेटमधील, स्वतःला घटनाकारांच्या मूळ विचारांचे वारस मानणारे सर्व सदस्य

सन्माननीय सदस्यहो,

आमच्या फ्रीजवर तीन आठवड्यांपासून एक कागद लोहचुंबकाखाली लावलेला आहे. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि त्याला पेनसिल्व्हेनियाच्या एअर नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव हवाई दलात, भरती व्हायचं आहे. अठरा पूर्ण नसल्यामुळे आई-वडिलांची लेखी संमती लागते. त्याच्या बाबांनी सही केली आहे. माझी राहिली आहे.

सही का अडवून धरलीस, असं त्याने मला विचारलं. त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला जाहीरपणे सांगण्यासाठी हे पत्र आहे. याची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयांना पाठवली आहे. मागे याच विषयावर आमच्या भागातल्या एका लोकप्रतिनिधींना लिहिलं होतं. छापील उत्तर आलं, त्यात माझ्या प्रश्नाचा उल्लेखसुद्धा नव्हता. म्हणून या वेळी मराठीतही लिहिते आहे. माझ्यासारखे कितीतरी मराठी लोक या देशाचे नागरिक झाले, कर भरतात, मत देतात. शाळा, घरपट्टी, व्हिसा यांवर तावातावाने बोलतात आणि परदेशातल्या युद्धाचा विषय निघाला की 'त्यातलं आपल्याला काय कळतं' म्हणून गप्प होतात. मीही बरीच वर्षं गप्प होते.

होर्शमचा हवाई तळ आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. ईस्टन रोडने जाताना तिथल्या संग्रहालयातली जुनी लढाऊ विमानं दिसतात. मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना ती बघायला आम्ही गाडी थांबवत असू. त्याच तळावरच्या १११व्या अटॅक विंगचं आजचं काम रस्त्यावरून दिसत नाही. तिथे माणसं पडद्यांसमोर बसतात आणि हजारो मैलांवरच्या आकाशातलं रीपर नावाचं मानवरहित विमान, म्हणजे ड्रोन, उपग्रहामार्गे चालवतात. वीस-वीस तास ते वर घिरट्या घालू शकतं आणि त्याच्या पंखांखाली हेलफायर क्षेपणास्त्रं असतात. पाळी संपली की तिथला माणूस गाडी काढून आमच्याच दुकानातून दूध घेऊन घरी जातो. माझ्या मुलाला तीच खुर्ची हवी आहे. त्याला व्हिडिओ गेमचं वेड आहे म्हणून नव्हे. कॉलेजच्या फीला हातभार लागेल आणि देशासाठी काहीतरी केल्यासारखं होईल, असं तो म्हणतो, आणि ते मनापासून म्हणतो.

त्या तळापासून वीसएक मैलांवर फिलाडेल्फियाचा इंडिपेन्डन्स हॉल आहे. १७ ऑगस्ट १७८७ या दिवशी तिथे काय झालं ते तुम्हाला मी सांगावं असं नाही, पण माझ्या वाचकांना सांगते. राज्यघटना लिहिण्यासाठी तिथे प्रतिनिधी जमले होते आणि त्यांच्या मसुद्यात युद्ध 'करण्याचा' अधिकार कायदेमंडळाला दिलेला होता. साउथ कॅरोलायनाचे पीअर्स बटलर उठले आणि म्हणाले की हा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे असावा. त्यावर एल्ब्रिज गेरी म्हणाले, एकट्या राष्ट्रप्रमुखाला युद्ध पुकारण्याचा अधिकार द्यावा असा प्रस्ताव प्रजासत्ताकात ऐकावा लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. जॉर्ज मेसन यांचं म्हणणं होतं की युद्धाच्या वाटेत अडसर असावेत आणि शांततेची वाट मोकळी असावी. शेवटी घटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन आणि गेरी यांच्या सूचनेवरून 'करणे' हा शब्द काढून 'पुकारणे' हा शब्द घातला गेला, एवढ्याचसाठी की अचानक हल्ला झाला तर तो परतवायला राष्ट्राध्यक्षाचे हात मोकळे असावेत. अचानक आलेला हल्ला परतवायचा, बस, तेवढीच सूट. गेरी आणि मेसन यांनी पुढे त्या घटनेवर सही करायला नकार दिला. बाकी सगळ्यावर मॅडिसनशी भांडलेली ही माणसं या एका मुद्द्यावर त्यांच्या शेजारी उभी होती.

नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून केला. शंभर प्रश्नांची यादी होती. त्यात एक प्रश्न असा : फेडरलिस्ट लेखांमुळे राज्यघटनेला पाठिंबा मिळाला, त्यांच्या लेखकांपैकी एकाचं नाव सांगा. दुसरा : संघराज्य सरकारचा एक अधिकार सांगा. त्याच्या मान्य उत्तरांत 'युद्ध पुकारणे' हे होतं. तिसरा : सरकारची एक शाखा फार बलवान होऊ नये म्हणून काय असतं? मुलाखतीत मला लेखकाचं नाव विचारलं आणि मी 'मॅडिसन' म्हणाले. पास झाले, हात वर करून राज्यघटनेच्या रक्षणाची शपथ घेतली. ती शपथ तुम्हीही घेतली आहे. मी मॅडिसनचं नाव पाठ केलं होतं, तुम्ही भाषणांतून घेता. मॅडिसन, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे यांनी 'पब्लियस' या टोपणनावाने लिहिलेले ते ८५ लेख मी परीक्षेनंतर बऱ्याच वर्षांनी, सावकाश वाचले. ते वाचल्यावर मला तुमची भाषणं आणि तुमची मतदानं एकमेकांशी जुळेनाशी झाली.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगते, म्हणजे मला दहशतवादाची झळ माहीत नाही असं कुणी म्हणू नये. मी बोरिवलीची. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी चर्चगेटहून निघालेल्या गाड्यांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत एकापाठोपाठ एक सात स्फोट झाले. माझा धाकटा भाऊ रोज त्याच वेळेच्या गाडीने घरी यायचा. इथे सकाळचे नऊ वाजले होते. कॉलिंग कार्डाचा तो लांबलचक नंबर मी किती वेळा फिरवला असेल, आजही बोटांना तोंडपाठ आहे. लाइन लागतच नव्हती. रात्री उशिरा आईचा फोन आला : ऑफिसात काम निघालं म्हणून त्याची नेहमीची गाडी चुकली होती, दादरपासून चालत घरी आला. त्याच्यासोबत रोज पत्ते खेळणारे दोघे आले नाहीत. त्या संध्याकाळी एकशे ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं की ज्यांनी हे केलं ते अमुक डोंगरात लपले आहेत, वरून क्षेपणास्त्र टाकू का, तर मी 'टाका' म्हटलं असतं. हा राग मला परका नाही.

पण त्याच खटल्याचं पुढे काय झालं? २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या पाच जणांना फाशीची. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांच्या शिक्षा रद्द केल्या, पुरावा टिकला नाही म्हणून. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. ज्यांची माणसं गेली त्यांना एकोणीस वर्षांनी हे ऐकावं लागलं, त्यांचं दुःख माझ्या शब्दांत मावणारं नाही. तरीही मी माझ्या भावाला विचारलं, आणि तो जे म्हणाला ते मी विसरू शकत नाही : 'ताई, निदान कुणीतरी पुन्हा तपासायला जिवंत तरी होतं.'

आणि २६ नोव्हेंबर २००८. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हातात नुसती लाठी असताना पुढे झाले, कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत हाती लागला. त्याच्यावर खटला चालला, वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झालं, मग फाशी झाली. त्याच हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली हा तर तुमचा-माझा सहनागरिक. त्याला २००९ मध्ये शिकागोच्या विमानतळावर पकडलं, शिकागोच्या न्यायालयाने ३५ वर्षांची शिक्षा दिली, आणि २०१६ मध्ये त्याने मुंबईच्या न्यायालयाला व्हिडिओवरून साक्ष दिली. त्याला भारताच्या ताब्यात दिलं नाही याचा राग मलाही आहे. पण कटाचे धागे उलगडले ते जिवंत धरलेल्या माणसांमुळे. मेलेला माणूस साक्ष देत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार त्या साठ शब्दांबद्दल आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आठवड्याभरात, १८ सप्टेंबर २००१ ला लष्करी बळाच्या वापराचा ठराव कायदा झाला. त्यातला मुख्य मजकूर इंग्रजीत जेमतेम साठ शब्दांचा. ज्यांनी ते हल्ले योजले, मंजूर केले, केले किंवा त्यांना मदत केली, आणि ज्यांनी अशांना आसरा दिला, त्यांच्याविरुद्ध बळ वापरा, एवढंच तो म्हणतो. प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ ने तो मंजूर झाला. ते एक मत बार्बरा ली यांचं होतं. तेव्हा कुणाचाच हात विरोधात वर जाणं कठीण होतं हे मी समजू शकते. पण नंतर? त्याच साठ शब्दांवर सोमालियातल्या अल-शबाबवर हल्ले झाले. ही संघटना २००१ मध्ये अस्तित्वातच नव्हती. अल-कायदाशी फाटून वेगळ्या झालेल्या इस्लामिक स्टेटवरही त्याच शब्दांवर हल्ले झाले. 'संलग्न शक्ती' असा नवाच शब्द शोधून काढला गेला, जो त्या साठ शब्दांत कुठेच नाही. बुश, ओबामा, ट्रम्प, बायडेन, चौघांनीही तो ठराव ओढून-ताणून वापरला, त्यामुळे मी इथे एका पक्षाची बाजू घेते आहे असं समजू नका. माझा मुलगा जन्मला त्याच्या आधीच हा ठराव सहा-सात वर्षांचा झाला होता. उद्या तो त्या खुर्चीत बसला तर ज्या कागदाच्या आधाराने त्याला बटण दाबायला सांगतील, त्या कागदावर आज सभागृहात बसलेल्या तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी मतच दिलेलं नाही.

सैन्याच्या खर्चाला दोन वर्षांहून जास्त मुदतीची मंजुरी देऊ नये असं घटनेत का लिहिलं, हे हॅमिल्टन यांनी फेडरलिस्टच्या २६व्या लेखात समजावलं आहे : निदान दर दोन वर्षांनी कायदेमंडळाला पुन्हा उभं राहून, लोकांच्या डोळ्यांदेखत, या प्रश्नावर मत द्यावंच लागावं. सैन्याच्या खर्चाला ज्यांना दोन वर्षांहून जास्त मुदत नको होती, त्यांचं नाव घेणाऱ्यांनी युद्धाचा कोरा धनादेश पाव शतक तसाच चालू ठेवला आहे.

दुसरी तक्रार शब्दांच्या खेळाची. व्हिएतनामच्या अनुभवानंतर १९७३ मध्ये तुमच्या पूर्वसुरींनी निक्सन यांचा नकाराधिकार डावलून युद्धाधिकार ठराव केला. सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवा, आणि काँग्रेसने मंजुरी दिली नाही तर ६० दिवसांत थांबवा. २०११ मध्ये लिबियात साठ दिवस उलटले तेव्हा ओबामा सरकारने काय सांगितलं? आमचं सैन्य जमिनीवर नाही, समोरून गोळीबार होत नाही, म्हणून ही कायद्याच्या अर्थाने 'लढाई'च नव्हे. ड्रोनमधून क्षेपणास्त्रं सुटत होती, खाली माणसं मरत होती, आणि लढाई नव्हती. तेव्हा तुमच्यातल्या कितीतरी जणांनी याला कडाडून विरोध केला होता. सप्टेंबर २०२५ पासून कॅरिबियन समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले. पहिल्याच हल्ल्यात ११ माणसं मेल्याचं सरकारने स्वतः जाहीर केलं. त्या बोटी अमली पदार्थांच्या 'दहशतवादी' टोळ्यांच्या आहेत असं सांगितलं गेलं. आणि साठ दिवस भरत आले तेव्हा पुन्हा तोच युक्तिवाद पुढे आला : हे हल्ले मुख्यतः मानवरहित विमानांनी, इतक्या दुरून होतात की आपल्या माणसांना धोका नाही, सबब मुदत लागू नाही. या वेळी तुमच्यातले बहुतेक जण गप्प बसले. ऑक्टोबरमध्ये हे हल्ले थांबवण्याचा ठराव सिनेटपुढे आला, तो ४८ विरुद्ध ५१ ने पडला. सिनेटर रँड पॉल यांच्यासारखे एखाद-दुसरे सोडले तर मूळ घटनेचा जप करणारे बाकीचे कुठे होते?

या युक्तिवादाचा अर्थ नीट बघा. ज्याच्याकडे ड्रोन आहे त्याला काँग्रेसची गरज नाही, असा तो अर्थ आहे. आपला एकही माणूस मरणार नसेल तर कितीही माणसं, कितीही दिवस, कुठल्याही देशात मारायला परवानगी लागत नाही. घटनाकारांनी युद्धाच्या वाटेत जे अडसर ठेवले होते त्यांतला एक तर आपोआपच पडायचा : शवपेट्या घरी यायच्या, गावोगाव लोक विचारायचे, हे कशासाठी? ड्रोनने तो अडसर काढला. म्हणून तर कायद्याचा अडसर आता जास्त घट्ट हवा होता. तुम्ही तोही सैल होऊ दिला. आमच्याच पेनसिल्व्हेनियात, १७८७ च्या डिसेंबरमध्ये, घटनेला मंजुरी द्यायच्या सभेत घटनाकार जेम्स विल्सन यांनी लोकांना शब्द दिला होता की ही व्यवस्था आपल्याला घाईने युद्धात लोटणार नाही, आपल्याला अशा संकटात ढकलणं एका माणसाच्या हातात राहणार नाही. त्या शब्दावर विसंबून पेनसिल्व्हेनियाने होकार दिला.

तिसरी तक्रार नागरिकाच्या जिवाबद्दल. अन्वर अल-अवलाकी हा न्यू मेक्सिकोत जन्मलेला अमेरिकन नागरिक. तो अल-कायदासाठी काम करत होता, त्याने माणसं चिथावली, याबद्दल मला काही शंका नाही आणि त्याच्याबद्दल कसलीही दया नाही. ३० सप्टेंबर २०११ ला येमेनमध्ये ड्रोनने त्याला मारलं. दोन आठवड्यांनी, दुसऱ्या एका हल्ल्यात त्याचा १६ वर्षांचा मुलगा मेला. डेन्व्हरमध्ये जन्मलेला, तोही नागरिक. सरकारने नंतर सांगितलं की तो लक्ष्य नव्हता. माझ्या मुलापेक्षा तो एका वर्षाने लहान होता. बाप कसाही असो, त्या मुलाच्या मरणाचा हिशेब कुठल्या न्यायालयात झाला? कुठल्याच नाही. अवलाकीच्या वडिलांनी त्याच्या हयातीतच, २०१० मध्ये दावा लावला होता, तो मूळ प्रश्नात न शिरताच फेटाळला गेला. निकाल देणाऱ्या न्यायाधीशांनी स्वतः लिहिलं की हा निष्कर्ष काहीसा अस्वस्थ करणारा आहे. त्यांनीच प्रश्न मांडला होता : परदेशातल्या अमेरिकन नागरिकाचा फोन ऐकायला न्यायालयाची परवानगी लागते, मग त्याला ठार मारायचं ठरलं तर न्यायालयाने त्यात बघायचंही नाही, हे कसं? ती गाठ सोडवणं कायदेमंडळाचं काम होतं, म्हणजे तुमचं.

मार्च २०१३ मध्ये पॉल सिनेटमध्ये जवळजवळ तेरा तास उभे राहिले आणि एकच प्रश्न विचारत राहिले की अमेरिकेच्या भूमीवर, लढाईत नसलेल्या नागरिकाला राष्ट्राध्यक्ष ड्रोनने मारू शकतात का. 'नाही' एवढं उत्तर मिळवायला तेरा तास लागले. ते सगळं मी रात्री जागून पाहिलं होतं. वाटलं, आता काहीतरी बदलेल.

चौथी तक्रार मोजदादीची आणि गुप्ततेची आहे, आणि ती मांडताना मला एक दृश्य बाजूला ठेवता येत नाही. २४ ऑक्टोबर २०१२ रोजी, ईदच्या तोंडावर, पाकिस्तानातल्या उत्तर वझिरिस्तानात सत्तरीकडे झुकलेली एक आजी घराजवळच्या वावरात भेंडी तोडत होती. नातवंडं आसपास होती. वरून क्षेपणास्त्र आलं. पुढच्या वर्षी तिचा शिक्षक मुलगा आपल्या जखमी झालेल्या दोन मुलांना घेऊन वॉशिंग्टनला आला, तुमच्यासमोर सांगायला. तुम्ही दोन्ही सभागृहं मिळून ५३५. त्या दिवशी खोलीत पाच सदस्य होते. तेरा वर्षांचा तो नातू म्हणाला की मला आता निळं आकाश आवडत नाही, ढगाळलेलं आवडतं, कारण आभाळ करडं असलं की ड्रोन उडत नाहीत. भेंडी तोडताना देठाशी बोट लावून कोवळी आहे की जून ते बघायचं, हे मला माझ्या आजीने शिकवलं. ती बाई नेमकं तेच करत असणार. ती दहशतवादी होती असं कुणी म्हटलेलं नाही. तिच्या घरच्यांना आजवर कुणी 'चूक झाली' असंही म्हटलेलं नाही.

काबूलमध्ये २९ ऑगस्ट २०२१ ला तरी कॅमेरे होते, पत्रकार होते. एका मदतसंस्थेत काम करणाऱ्या माणसाच्या पांढऱ्या टोयोटावर आठ तास नजर ठेवली. तो पाण्याचे कॅन भरून घरी नेत होता, ते स्फोटकं समजले गेले. दहा माणसं मेली, त्यांत सात मुलं. आधी हल्ला योग्यच होता असं सांगितलं, मग बातम्या आल्यावर १७ सप्टेंबरला चूक कबूल केली, आणि डिसेंबरमध्ये कळवलं की कुणावरही कारवाई होणार नाही. आठ तास सतत पाहूनही ओळख चुकते. मग जिथे पत्रकार पोचत नाहीत तिथे काय होत असेल? २०१६ मध्ये ओबामा सरकारने आकडे दिले होते. २००९ ते २०१५ या काळात युद्धक्षेत्राबाहेर ४७३ हल्ले, ६४ ते ११६ निरपराध मृत. ते आकडे कमी धरलेले आहेत असं स्वतंत्रपणे मोजणाऱ्यांचं म्हणणं होतं, पण निदान दरवर्षी सांगण्याची पद्धत तरी सुरू झाली होती. मार्च २०१९ मध्ये ती सक्तीही एका सहीने काढून टाकली. एका राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाने सुरू झालेलं दुसऱ्याच्या आदेशाने बंद होतं, कारण तुम्ही त्याचा कायदा केला नाही. संरक्षण खात्यासाठी वेगळ्या अहवालाचा कायदा झाला, पण गुप्तचर संस्था त्यातून सुटल्या.

पाचवी तक्रार आमच्या राज्याची. मिलिशिया, म्हणजे राज्यांची नागरिकांची फौज, संघराज्याच्या सेवेत कशासाठी बोलवायची ते घटनेत तीन शब्दप्रयोगांत दिलं आहे : कायदे राबवायला, बंडाळी मोडायला, आक्रमण परतवायला. आज गार्ड त्या जुन्या मिलिशियाचाच वारसा सांगतं. पण होर्शमच्या त्या खोलीतून दूरच्या देशातल्या रस्त्यावर नजर ठेवणं यांतल्या कशात बसतं? गव्हर्नरांना यात काही म्हणता येत नाही. मिनेसोटाच्या गव्हर्नरांनी आपल्या गार्डला परदेशी प्रशिक्षणाला पाठवणं रोखायचा प्रयत्न केला, तो १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. म्हणून आता काही राज्यांत 'काँग्रेसने युद्ध पुकारल्याशिवाय आमचं गार्ड लढाईला पाठवू नका' अशी विधेयकं येत आहेत. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहाने २०२४ मध्ये असं विधेयक मंजूर केलं. राज्यांवर ही वेळ यावी, यात काँग्रेसची शोभा नाही.

तुमचं उत्तर काय असेल याचा मला अंदाज आहे, कारण तेही मी फेडरलिस्ट लेखांतूनच वाचलं. ७०व्या लेखात हॅमिल्टन म्हणतात की कार्यकारी सत्तेत जोम हवा. निर्णय, गुप्तता, चपळाई हे गुण एकाच माणसाकडे असले तर टिकतात. बरोबर आहे. शत्रू अचानक दिसला तर ५३५ जणांची सभा बोलावता येत नाही. जुलै २०२२ मध्ये अल-कायदाचा म्होरक्या अल-जवाहिरी याला काबूलमधल्या घराच्या बाल्कनीत टिपलं तेव्हा घरातलं दुसरं कुणी मेलं नाही असं सांगितलं गेलं, आणि त्या जागी फौज उतरवली असती तर किती जीव गेले असते याचा विचार मीही केला. ड्रोन हे शस्त्र म्हणून तोफेपेक्षा किंवा बॉम्बफेकी विमानापेक्षा जास्त क्रूर आहे असं माझं म्हणणं नाही. ते मोडून टाका असंही मी म्हणत नाही. जवाहिरी तर २००१ च्या ठरावात सरळ बसणारा माणूस होता.

पण त्याच हॅमिल्टन यांचा ६९वा लेख घ्या. इंग्लंडच्या राजाशी तुलना करताना ते लिहितात की राष्ट्राध्यक्ष हा फक्त पहिला सेनापती आणि नौसेनापती आहे. युद्ध पुकारणं, सैन्य उभारणं हे राजाचे अधिकार इथे कायदेमंडळाकडे आहेत. लढाई कशी लढायची यात चपळाई हवी, ते राष्ट्राध्यक्षाचं काम. कुणाशी लढायचं, कुठे, किती काळ, हे ठरवायला घाई नको, ते तुमचं काम. तुम्ही सत्तराव्या लेखाला धरून बसलात आणि एकोणसत्तरावा मिटून टाकलात. मॅडिसन यांनी १७९८ मध्ये जेफरसन यांना लिहिलं होतं की युद्धात सगळ्यांत जास्त रस आणि सगळ्यांत जास्त ओढ कार्यकारी शाखेला असते, म्हणूनच युद्धाचा प्रश्न विचारपूर्वक कायदेमंडळाच्या हाती दिला. त्यांनी ५१व्या लेखात धरून चाललं होतं की प्रत्येक शाखा आपल्या अधिकारासाठी भांडेल, आणि त्या भांडणातून नागरिक सुरक्षित राहील. एखादी शाखा आपला अधिकार आपणहून सोडून देईल आणि त्यात सुख मानेल, हे त्यांनी गृहीत धरलं नव्हतं. मत दिलं तर ते चुकू शकतं, निवडणुकीत कुणी दाखवू शकतं. मत दिलंच नाही तर कुणी काही दाखवू शकत नाही. यात तुमची सोय आहे हे मला दिसतं. त्याची किंमत मात्र आमची मुलं आणि तिकडची मुलं मोजतात.

माझ्या मागण्या अशा आहेत.

२००१ चा ठराव रद्द करा. ज्या संघटनांशी अजून लढणं गरजेचं वाटतं त्यांच्यासाठी नवा ठराव आणा, त्यात संघटनेचं नाव लिहा, देशाचं नाव लिहा, आणि दोन वर्षांची मुदत घाला. मुदत संपली की पुन्हा मतदान.

मानवरहित विमानातून क्षेपणास्त्र सोडणं ही लढाईच आहे, आणि साठ दिवसांची मुदत तिला लागू आहे, असं १९७३ च्या कायद्यात एका वाक्याने घाला. त्या वाक्यासाठी कुठल्याही समितीचा अभ्यास लागणार नाही.

प्राणघातक ड्रोनहल्ले फक्त सैन्याने करावेत, गुप्तचर संस्थेने नव्हे. प्रत्येक हल्ल्यात किती मेले, त्यांत निरपराध किती, याचा वार्षिक अहवाल सगळ्या खात्यांना कायद्याने बंधनकारक करा. चुकून मारलेल्या माणसांच्या घरच्यांना तसं सांगायची आणि भरपाई मागता येण्याची सोय करा.

प्रत्यक्ष रणभूमीबाहेर अमेरिकन नागरिकाला लक्ष्य करायचं असेल तर आधी न्यायालयापुढे पुरावा ठेवा. वेळ नसेल तर नंतर ठेवा, पण ठेवा.

आणि ज्या देशातल्या युद्धावर काँग्रेसने मत दिलेलं नाही तिथल्या हल्ल्यांसाठी कुठल्याही राज्याच्या नॅशनल गार्डचे कर्मचारी वापरू नका.

या प्रत्येक मागणीवर मला नावानिशी मतदान हवं आहे. आवाजी नको. तुम्ही विरोधात मत दिलंत तरी चालेल. मी नाराज होईन, पण माझ्या मुलाला दाखवता येईल की हे बघ, आपल्या माणसाने विचार करून, उभं राहून सांगितलं, की अमक्या देशातल्या अमक्या लोकांशी आपलं युद्ध आहे.

तो येत्या सप्टेंबरमध्ये अठराचा होईल. मग त्याला माझ्या सहीची गरज उरणार नाही आणि तो जाईल, हे मला माहीत आहे. मी त्याला अडवणारही नाही. काल रात्री भांडी घासताना त्याने मला विचारलं, 'आई, मी तिथे बसलो आणि कुणी सांगितलं की सोड, तर ते सांगणाऱ्याला कुणी सांगितलेलं असेल?' मी नळ बंद केला आणि त्याला १७ ऑगस्ट १७८७ ची गोष्ट सांगितली. त्याने सगळी ऐकली आणि म्हणाला, 'पण ते तर तेव्हाचं झालं. आत्ता कोण सांगतं?'

याचं उत्तर तुम्ही त्याला द्यायचं आहे. सप्टेंबरपर्यंत वेळ आहे.

आपली,
एक मतदार आणि आई
माँटगोमेरी काउंटी, पेनसिल्व्हेनिया